समाजकार्यातून यूजर रिसर्चकडे वळायचे आहे. नागपुरात राहून ते शक्य आहे का?

प्रश्न : सक्करदरा

नमस्कार. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली सात वर्षे मी नागपुरातील एका सामाजिक संस्थेत काम करते आहे. उमरेड आणि भिवापूर तालुक्यांतील गावांमध्ये माता-बाल आरोग्याची सर्वेक्षणे घेणे, आशाताईंची प्रशिक्षणे आखणे, गटचर्चा घेऊन त्यांचे अहवाल लिहिणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. दोन वर्षांपूर्वी संस्थेने कागदी नोंदवह्यांच्या जागी मोबाईल ॲप आणायचे ठरवले, तेव्हा ते ॲप तयार करणाऱ्यांपैकी एक मुलगी तीन दिवस आमच्यासोबत गावांत फिरली. ती आशाताईंना फारसे काही विचारत नसे. त्या गृहभेटीची नोंद करीत असताना ती शेजारी बसून पाहत असे आणि वहीत लिहीत असे. आमच्या एक आशाताई गृहभेटीत सगळी माहिती आधी जुन्या डायरीत लिहून घेत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ती ॲपमध्ये भरत. हे मी कित्येकदा पाहिले होते, पण त्यात टिपून ठेवण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. तिने मात्र ती डायरी मागून घेतली आणि नोंदी कोणत्या क्रमाने लिहिल्या आहेत हे पाहिले. पुढच्या आवृत्तीत ॲपमधील प्रश्नांचा क्रम त्या डायरीप्रमाणे बदलला गेला आणि ताईंचे रात्रीचे काम जवळजवळ संपले. त्या मुलीचे पद ‘यूजर रिसर्चर’, म्हणजे लोक एखादी वस्तू किंवा सेवा प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अभ्यास करणारी, असे होते, हे मला नंतर कळले.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. माझे वय ३१ आहे. माझ्याकडे ना अभियांत्रिकीची पदवी आहे, ना डिझाइनची. पतींची नोकरी नागपुरात आहे आणि सासूबाईंची प्रकृती नाजूक असल्याने पुण्याला किंवा बंगळुरूला जाऊन राहणे मला शक्य नाही. माझ्या सात वर्षांच्या कामाचा या क्षेत्रात काही उपयोग होईल का, मला नेमके काय नव्याने शिकावे लागेल, आणि संस्थेचे अहवाल गोपनीय असल्याने मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे काहीच नाही, त्याचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : मनीषनगर

मी अकरा वर्षे हे काम करतो आहे. पहिली सहा वर्षे पुण्यात गेली. नंतरची पाच नागपुरात, घरून. महिन्यातले आठ-दहा दिवस प्रवासात जातात, हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरी आजारी माणूस असताना ती बाब पगाराइतकीच महत्त्वाची ठरते.

पदवीविषयी. आयआयटी मुंबईत १९६९ साली स्थापन झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात, आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था या दोन ठिकाणांहून आलेल्या उमेदवारांना मुलाखतीची दारे लवकर उघडतात, हे खरे आहे. परंतु या व्यवसायाची मुळे जितकी डिझाइनमध्ये आहेत तितकीच सामाजिक शास्त्रांत आहेत. आपण छायाप्रतीला ज्या कंपनीच्या नावाने ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्या कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात ल्युसी सचमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ काम करीत होत्या. नवे यंत्र वापरणे लोकांना अवघड जाते, अशी तक्रार होती. त्यांनी ते यंत्र वापरणाऱ्यांचे चित्रीकरण केले, आणि त्यातील एका प्रसंगात संगणकशास्त्रातील दोन नामवंत तज्ज्ञ दोन्ही बाजूंना छापलेली प्रत काढण्यासाठी झटताना दिसतात. अडचण वापरणाऱ्याच्या शिक्षणाची नसून, यंत्राने गृहीत धरलेला क्रम आणि माणूस प्रत्यक्षात ज्या क्रमाने काम करतो तो क्रम यांत अंतर असल्याची आहे, हे त्या कामातून स्पष्ट झाले. आपल्या आशाताईंच्या डायरीची गोष्ट त्याच जातीची आहे. तेव्हा आपली एम.एस.डब्ल्यू. ही उणीव समजू नका.

आता सात वर्षांच्या अनुभवाविषयी. अनोळखी घरात जाऊन बसणे, विश्वास मिळवणे, घरातल्या कर्त्या माणसासमोर सून बोलत नाही हे ओळखून तिच्याशी वेगळे बोलण्याची वेळ काढणे, या गोष्टी आपल्याला येतात. डिझाइनच्या शाळेतून आलेल्या नवख्या माणसाला त्या शिकवताना माझी दोन वर्षे जातात. परंतु सर्वेक्षणाची एक सवय आपल्याला सोडावी लागेल, आणि ती सोडणे वाटते त्याहून कठीण आहे. सर्वेक्षणात प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा असतो आणि मिळालेले उत्तर हीच माहिती मानायची असते. येथे उत्तराला कमी आणि कृतीला जास्त वजन असते. ‘हे ॲप तुम्हाला आवडले का?’ असे आपल्या भागात कोणालाही विचारले, तर समोरचा माणूस आधी चहा ठेवतो आणि मग ‘चांगलं आहे’ म्हणतो. ते सौजन्य आहे. त्यावरून ॲप चांगले आहे असे सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘मागच्या वेळी तुम्ही वीजबिल कसे भरले, ते मला करून दाखवाल का?’ असे म्हणून गप्प बसायचे. त्यांचे बोट कुठे थांबते, ते मुलाला कधी हाक मारतात, कोणता शब्द दोनदा वाचतात, हे पाहायचे. माणूस अडकला की मदत करण्याची ऊर्मी येते, आणि समाजकार्यात मुरलेल्या माणसाला ती अधिक येते. ती आवरून निदान अर्धा मिनिट थांबणे, आणि सत्र संपल्यावर मात्र त्यांचे अडलेले काम पूर्ण करून देऊनच निघणे, असा माझा नेम आहे.

आणखी एक फरक संख्येचा आहे. आपण चारशे कुटुंबांचे नमुने घेत असाल, तर येथे पाच जणांवर काम भागते हे ऐकून आपल्याला अस्वस्थ वाटेल. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशेब असा आहे की, एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसून येतात. हा हिशेब अडचणी शोधण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. पाचांपैकी तिघे अडकले म्हणून ‘६० टक्के लोक अडकतात’ असे लिहिणे ही गंभीर चूक आहे. शिवाय गट वेगळे असतील तर प्रत्येक गटातून पाच माणसे लागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. त्यात विद्यार्थी, त्याचे पालक, महाविद्यालयातला लिपिक आणि सेतू केंद्राचा चालक, असे चार निरनिराळे वापरकर्ते आहेत, आणि बहुतेक कंपन्या त्यांपैकी केवळ विद्यार्थ्याला बोलावतात.

कामाचे रोजचे स्वरूप म्हणाल, तर लोकांसमोर बसण्याचा वेळ एकूण कामाच्या पंचमांशाहून अधिक नसतो. सुरुवातीला ॲप बांधणाऱ्या चमूला विचारून घ्यावे लागते की या अभ्यासानंतर आपण कोणता निर्णय घेणार आहोत. ज्या अभ्यासाला असा निर्णय नसतो, तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मग योग्य माणसे शोधणे, त्यांच्या वेळा ठरवणे, मुलाखतीचा आराखडा लिहिणे, सत्रे घेणे, ध्वनिमुद्रणे ऐकून टिपणे काढणे, आणि ती टिपणे भिंतीवर किंवा फिग्मासारख्या ऑनलाइन साधनावर मांडून त्यांतील धागे शोधणे. यानंतर सर्वांत कठीण भाग येतो: ज्यांनी ते ॲप महिनोन्‌महिने खपून बांधले आहे, त्यांच्यापर्यंत हे पोहोचवणे. अहवाल कोणी वाचत नाही. याच क्षेत्रातले तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी फार पूर्वी सुचवले होते की चमूतील प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास वापरकर्त्याला प्रत्यक्ष पाहावे. मी ते शब्दशः पाळतो. डेव्हलपरला सोबत घेऊन मी हिंगण्याच्या एका घरी गेलो होतो, तेव्हा आजोबांना ओटीपी येण्याआधीच पडद्यावरची वेळ संपली. ती वेळ त्या डेव्हलपरने स्वतः ठरवलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपार होण्याआधीच त्याने ती वेळ वाढवून टाकली. माझ्या चाळीस पानांच्या अहवालाने ते झाले नसते.

नागपुरात राहण्याविषयी म्हणाल, तर मी त्याला अडचण मानत नाही. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना ‘मोठ्या शहरांबाहेरचा वापरकर्ता’ हवा असतो आणि तो कुठे भेटतो हे त्यांना ठाऊक नसते. येथे एका दिवसात इतवारीतला ठोक व्यापारी, कळमना बाजारातला अडत्या आणि रामटेककडचा धान उत्पादक, तिघेही भेटू शकतात. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी येते. ‘अधिप्रमाणन’ (ओळख पटवणे) म्हटले की माणूस थबकतो आणि ‘ओटीपी टाका’ म्हटले की काम होते. कोणता शब्द शासकीय परिभाषेतला ठेवायचा आणि कोणता बोलण्यातला, हे ठरवण्यासाठी या दोन्ही भाषा कानांत असलेला माणूस लागतो.

दाखवायला काही नाही, या अडचणीवर उपाय एकच: संस्थेचे काहीही न वापरता स्वतःचा एक छोटा अभ्यास करा. सेवा निवडा, सहा-सात माणसांना ती वापरताना पाहा, आणि तीन पानांत लिहा. येथे टाकलेत तर मी वाचून सांगेन.

उत्तर : सेतूचालक

सक्करदराताई, मी चौदा वर्षे दाखल्यांचे अर्ज भरण्याचे काम करतो आहे. वरील उत्तरात सेतू केंद्राच्या चालकाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. इतक्या वर्षांत पोर्टलचे रूप अनेकदा बदलले, परंतु माझ्या खुर्चीशेजारी बसून ‘तुम्ही हे कसे भरता?’ असे एकदाही कोणी विचारले नाही.

आपल्याला अभ्यास करायचा असेल तर दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतर या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळे एकाच पंधरवड्यात येतात. त्या वेळी आपल्याला दिसेल की अर्ज माणूस भरतच नाही, आम्ही भरतो. माणसाकडे एक प्लास्टिकची पिशवी असते, तीत सगळी कागदपत्रे असतात, आणि ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल वडिलांसोबत कामावर गेलेला असतो. मुलगी दारात उभी राहून वडिलांना फोन लावते, वडिलांना आलेला आकडा वाचून दाखवता येत नाही, ते शेजारच्या माणसाला फोन देतात, आणि तोपर्यंत वेळ संपलेली असते. नावाचा घोळ तर रोजचाच आहे. आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘लक्ष्मी’. वाघमारे हे आडनाव एका कागदावर इंग्रजी ‘डब्ल्यू’ने आणि दुसऱ्यावर ‘व्ही’ने. पोर्टल ‘माहिती जुळत नाही’ एवढेच सांगते. काय जुळत नाही, हे सांगत नाही. ते आम्ही डोळ्यांनी शोधतो.

उन्हाळ्यात दुपारी एकनंतर गर्दी थोडी कमी होते. आपण येणार असाल तर बसायला खुर्ची आहे. अर्जदारांना आधी विचारून बसावे, एवढीच अट आहे.

उत्तर : प्रतापनगर

मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे आणि संशोधकांसोबत काम करतो. मनीषनगर यांच्या उत्तरातील कामाचे वर्णन मला पूर्णपणे पटते, परंतु नोकरीच्या बाजूने थोडे सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट अशी की ही पदे थोडी आहेत. नागपूरच्या मिहान या उद्योग-प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत, परंतु माझ्या पाहण्यात तेथील बहुतेक जागा सॉफ्टवेअर बांधण्याच्या आणि सांभाळण्याच्या आहेत. केवळ संशोधकाची जागा नागपूरसाठी निघाल्याचे मी क्वचित पाहिले आहे. दूरस्थ नोकरी हाच व्यवहार्य मार्ग आहे आणि तेथे साऱ्या देशातून अर्ज येतात. २०२२ आणि २०२३ मध्ये जगभरातील तंत्रज्ञान कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, तेव्हा संशोधकांच्या चमूंनाही तिची झळ लागली. ज्या संशोधकांचे काम एखाद्या निर्णयाशी थेट जोडलेले होते ते टिकले, आणि जे केवळ ‘वापरकर्त्यांविषयी रंजक माहिती’ पुरवीत होते ते टिकले नाहीत, असे मी माझ्या दोन्ही कंपन्यांत पाहिले. म्हणून अभ्यासाआधी निर्णय विचारून घ्यावा, हे त्यांचे वाक्य आपण कायम लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट बढतीची. ब्रिटनमध्ये सरकारी डिजिटल सेवांसाठी २०११ मध्ये एक स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि तेथे यूजर रिसर्चर हे पद अधिकृत आहे: सहायक, संशोधक, वरिष्ठ, प्रमुख आणि त्यावर विभागप्रमुख अशी शिडी आहे, व प्रत्येक पायरीवर काय येणे अपेक्षित आहे हे लिहून ठेवलेले आहे. त्यांच्या सेवा-मानकांतील पहिलाच मुद्दा ‘वापरकर्ते आणि त्यांच्या गरजा समजून घ्या’ हा आहे. आपल्याकडील बहुतेक कंपन्यांत अशी शिडी नाही. चार-पाच वर्षांनी संशोधक एक तर डिझाइनकडे वळतो, नाही तर माझ्या कामाकडे येतो. ज्यांना संशोधनच करीत राहायचे आहे, त्यांना आपली जागा स्वतः मागून घ्यावी लागते. त्या ब्रिटिश चौकटीचा दस्तऐवज सर्वांसाठी खुला आहे. तो वाचून आपण कोणत्या पायरीवर आहात हे तपासा. माझ्या अंदाजाने मुलाखतीच्या कौशल्यात आपण ‘वरिष्ठ’ पायरीवर असाल आणि निष्कर्ष मांडण्यात ‘सहायक’ पायरीवर, आणि नोकरी देणारे यांतल्या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे निष्कर्ष मांडण्याकडे, आधी पाहतात.

तिसरे म्हणजे, आकड्यांची भीती असेल तर ती घालवा. कोणत्या पानावरून लोक परत फिरतात हे ॲनालिटिक्स (वापराची आपोआप जमा होणारी आकडेवारी) सांगते, ते का फिरतात हे आपण सांगायचे. दोन्ही एकत्र मांडणारा माणूस मला मिळाला तर त्याची पदवी मी पाहत नाही.

प्रतिसाद : सक्करदरा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सेतूचालकदादांच्या आमंत्रणाप्रमाणे मी गेल्या आठवड्यात दोन दुपारी त्यांच्या केंद्रावर जाऊन बसले. प्रत्येक अर्जदाराला मी कोण आहे आणि का बसले आहे हे सांगितले. दोघांनी नकार दिला, तेव्हा मी बाहेर जाऊन थांबले. सहा जणांचे अर्ज भरताना पाहिले. थोडक्यात लिहिते.

सहापैकी एकाही अर्जदाराने पडदा पाहिला नाही. संगणक चालकाकडे तोंड करून ठेवलेला आहे आणि अर्जदार टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. त्यामुळे आपल्या नावाचे स्पेलिंग चुकले आहे हे दोघींना पावती हातात आल्यावर कळले. दुसरे असे की, दादांकडे एक जाड वही आहे. गेल्या वर्षी ज्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरले, त्यांचे यूजरनेम आणि पासवर्ड त्यांनी तीत लिहून ठेवले आहेत, कारण वर्षभराने नूतनीकरणाला येताना कोणालाच ते आठवत नाहीत आणि नवा पासवर्ड मिळवण्यासाठी जो मोबाईल क्रमांक लागतो तो बदललेला असतो. एका मुलीने तर येताच ‘दादा, वहीत माझं पाहा ना’ असे म्हटले. ही वही धोकादायक आहे हे दादांनाही ठाऊक आहे, आणि ती नसती तर त्या मुलीचा अर्ज त्या दिवशी भरला गेला नसता हेही खरे आहे.

माझ्या तीन पानांचा पहिला निष्कर्ष मी असा लिहिला आहे: ‘अर्जदारांमध्ये डिजिटल साक्षरतेचा अभाव असल्यामुळे ते पासवर्डसाठी केंद्रचालकावर अवलंबून राहतात.’ हे बरोबर आहे का? त्या वहीचे छायाचित्र घेतले तर चालेल का, हेही सांगावे.

उत्तर : पडद्यापलीकडे

मी जन्मांध आहे आणि बँकेत नोकरी करतो. मनीषनगर यांनी चार प्रकारचे वापरकर्ते सांगितले. त्यांत आम्ही नाही, आणि हे मी तक्रार म्हणून नव्हे, तर ताईंच्या अभ्यासासाठी सांगतो.

मी संगणकावर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर वापरतो आणि मोबाईलवर टॉकबॅक. पडद्यावर काय आहे हे तो वाचून दाखवतो. मराठी पाने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, असली तर मला सगळे ऐकू येते. परंतु अनेक कार्यालयांची परिपत्रके आणि अर्जांचे नमुने अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मिळतात. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरेच असतात, केवळ त्यांचे चित्र मराठी असते. त्यामुळे डोळस माणसाला ‘अर्ज’ दिसतो आणि मला निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते. कॅप्चाच्या, म्हणजे ‘वापरणारा माणूसच आहे’ हे तपासण्यासाठी ओळखायला लावलेल्या अक्षरांच्या, चित्राला ध्वनीचा पर्याय नसला की तेथे काम थांबते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला, शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. तरीही मला माझे स्वतःचे अर्ज भाच्याकडून भरून घ्यावे लागतात, म्हणजे माझा पासवर्ड त्याच्या वहीत आहे.

ताई, आपण सहा जणांना पाहिले. सातवा माणूस म्हणून मी येतो. मी घरी माझ्या संगणकावर अर्ज भरेन, आपण शेजारी बसा. माझ्या स्क्रीन रीडरचा वेग आपल्याला ऐकताना फार वाटेल. तेव्हा तो कमी करायला सांगू नका, कारण मी ज्या वेगाने काम करतो त्याच वेगाने आपण ते पाहायला हवे.

उत्तर : मनीषनगर

आधी वहीविषयी. छायाचित्र घेऊ नका. त्यात इतरांचे पासवर्ड आहेत आणि त्या माणसांनी आपल्याला परवानगी दिलेली नाही. दादांची परवानगी त्यांच्या वतीने पुरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे आहे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. दहावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी त्यात येतात, म्हणून पुढच्या वेळी संमतीपत्र मराठीत लिहून न्या, मोठ्याने वाचून दाखवा, आणि पालक सोबत नसतील तर त्या अर्जदाराची नोंद घेऊ नका. दोघांनी नकार दिल्यावर आपण बाहेर थांबलात, हे आपल्या तीन पानांत अवश्य लिहा. मुलाखत घेणारा जाणता असेल तर तो त्या ओळीपाशी थांबेल. वहीचे रेखाचित्र हाताने काढा: रकाने कोणते आहेत, नावे कशी लावली आहेत, खोडून कुठे लिहिले आहे. आशाताईंच्या डायरीत त्या मुलीने जे पाहिले होते, तेच येथे पाहायचे आहे.

आता आपल्या निष्कर्षाविषयी. ते वाक्य खोडा. ‘डिजिटल साक्षरतेचा अभाव’ हे आपण पाहिलेले नाही. ते आपण आपल्या जुन्या अहवालांतून उचलले आहे. आपण पाहिले ते असे की, सेवा वर्षातून एकदा वापरली जाते, आणि वर्षातून एकदा लागणारा पासवर्ड अभियंत्यालाही आठवत नाही. आपण हेही पाहिले की परत मिळवण्याचा एकमेव मार्ग जुन्या मोबाईल क्रमांकावरून जातो, आणि तो क्रमांक बदललेला असतो. अभाव माणसात आहे असे लिहिले की चमूने करण्यासारखे काही उरत नाही. फार तर लोकांसाठी एक प्रशिक्षण जाहीर होते. काय घडले ते लिहिले की पासवर्डशिवाय प्रवेश कसा देता येईल, क्रमांक बदलण्याची सोय केंद्रावरच करता येईल का, असे प्रश्न आपोआप समोर येतात. पडद्यापलीकडे यांनी सांगितलेली भाच्याची वही आणि दादांची वही या दोन्ही एकाच जागी का जन्मतात, हा आपल्या अभ्यासाचा खरा विषय होऊ शकतो. त्यांच्याकडे जरूर जा.

पडदा अर्जदाराला दिसत नाही हे निरीक्षण फार मोलाचे आहे, आणि ते आपण शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका. अर्ज सादर करण्याआधी भरलेली माहिती छापून अर्जदाराच्या हाती देणे, किंवा एक दुसरा स्वस्त पडदा त्याच्याकडे तोंड करून ठेवणे, या दोन गोष्टी दादा उद्यापासून करून पाहू शकतात. तसे झाले आणि त्यानंतर स्पेलिंगच्या किती चुका पावतीआधी पकडल्या गेल्या हे आपण मोजले, तर प्रतापनगर यांना हवे असलेले आकडेही आपल्याकडे येतील.

प्रतिसाद : सक्करदरा

वाक्य खोडले आहे. नवे असे लिहिले आहे: ‘सहा अर्जदारांपैकी चार जण गतवर्षीचे विद्यार्थी होते. चौघांनाही पासवर्ड आठवत नव्हता. तिघांचा नोंदवलेला मोबाईल क्रमांक बंद झाला होता. चौघांचेही खाते केंद्रचालकाच्या वहीतून उघडले गेले.’

दादांनी दुसरा पडदा ठेवायला होकार दिला आहे. त्यांच्या पुतण्याचा जुना मॉनिटर घरी पडून आहे. पडद्यापलीकडे, मी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्याकडे आले तर चालेल का? संमतीपत्र मी ऑडिओ स्वरूपात आणि युनिकोड मजकूर म्हणून आधी पाठवीन, म्हणजे ते आपल्याला स्वतः ऐकता येईल.